करमुक्त मेघ

ज्या उद्योगाच्या २०३० सालाची खात्री कोणी देऊ शकत नाही, त्याला सरकारने २०४७ पर्यंतची करमाफी देऊन टाकली. तीही आपल्याच आर्थिक सल्लागाराच्या इशाऱ्यानंतर तीन दिवसांत...

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २९ जानेवारी २०२६ रोजी संसदेत आर्थिक पाहणी अहवाल मांडला. तो त्यांनी वाचला होता का, हा प्रश्न विचारणे आता भाग आहे. मुख्य आर्थिक सल्लागार व्ही. अनंत नागेश्वरन यांच्या चमूने या अहवालात कोणताही आडपडदा न ठेवता इशारा दिला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी, म्हणजे एआयसाठी, कर्जाच्या बळावर डोलारा उभा राहतो आहे. तो कोसळला आणि त्यात वित्तीय व भूराजकीय ताणांची भर पडली तर २००८ पेक्षा वाईट संकट ओढवू शकते. या शक्यतेला अहवालाने १० ते २० टक्के असा आकडाही दिला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ फेब्रुवारीच्या रविवारी, त्याच सभागृहात त्याच अर्थमंत्र्यांनी याच डोलाऱ्याला २०४७ पर्यंत करमाफी जाहीर केली.

तीन दिवस! सरकारी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास याहून अधिक वेळ लागतो.

भारतातील डेटा सेंटर वापरून जगभरच्या ग्राहकांना क्लाऊड सेवा पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांना त्या उत्पन्नावर २१ वर्षे कर नाही. भारतीय ग्राहकांना सेवा देताना मध्ये एक भारतीय कंपनी हवी, ही अट. डेटा सेंटर चालवणारी कंपनी त्याच समूहातील असेल तर खर्चाच्या १५ टक्के नफा दाखवा, प्राप्तिकर खाते आणखी खोदकाम करणार नाही, हे आश्वासनही सोबत आहे. सरकारी गोटाचे म्हणणे असे की, हे उत्पन्न आज करकक्षेत येतच नाही, तेव्हा तोटा कसला? शिवाय सर्व्हर भारतात ठेवले म्हणून जगभरच्या कमाईवर भारताचा कर बसेल ही भीती गुंतवणूकदारांना होती. ती दूर करणे गैर नाही. पण त्यासाठी नियम स्पष्ट करणारे एक कलम पुरेसे होते. त्याऐवजी २१ वर्षांचे दानपत्र का लिहून दिले?

आणि ही सवलत नसती तर कोण येणार नव्हते? गूगलने विशाखापट्टणमसाठी १५ अब्ज डॉलर जाहीर केले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. मायक्रोसॉफ्टचे साडेसतरा अब्ज आणि अॅमेझॉनचे २०३० पर्यंतचे ३५ अब्ज डॉलर डिसेंबरात जाहीर झाले. म्हणजे पाहुणे पंगतीत बसून जेवू लागले होते. यजमानांनी मग त्यांना आमंत्रण पाठवले, आणि वर दक्षिणाही!

करसवलतीने उद्योग वाढत नाहीत असे नाही. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधील कंपन्यांना मिळालेली करमाफी मार्च २०११ पर्यंत चालली, आणि तिने पुणे, बंगळूरु, हैदराबाद या शहरांचे रूप पालटले. पण ती सवलत माणसे कामाला लावणाऱ्या उद्योगाला होती. हिंजवडीच्या वाटेवरील वाहतूक कोंडीला कितीही शिव्या घातल्या तरी त्या कोंडीत अडकलेला प्रत्येक जण पगार घेतो आणि कर भरतो. डेटा सेंटर उभारताना गवंडी, वायरमन, क्रेनवाले लागतात. ते उभे राहिले की आत यंत्रे, दारावर सुरक्षारक्षक आणि वातानुकूलनाकडे लक्ष ठेवणारे मूठभर तंत्रज्ञ. ज्या यंत्रांसाठी ही गोदामे आहेत, ती कोणाच्या नोकऱ्या खाणार हेही आता गुपित नाही. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये १२ हजारांवर नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. अर्थसंकल्पानंतर तीन दिवसांनी, ४ फेब्रुवारीस, अमेरिकेतील एका एआय कंपनीच्या नव्या साधनांच्या धसक्याने आपला आयटी निर्देशांक सहा टक्क्यांच्या आसपास आपटला. कर भरणारा उद्योग गटांगळ्या खात असताना कर न भरणाऱ्यासाठी पायघड्या, असे हे चित्र.

एआयमधील ही तेजी किती पोकळ आहे याची चर्चा जगभर उघडपणे सुरू आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि बँक ऑफ इंग्लंड या दोघांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये एआय कंपन्यांच्या फुगलेल्या भावांबाबत सावध केले. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचे बाजारमूल्य त्याच महिन्यात पाच लाख कोटी डॉलरवर गेले. हीच एनव्हिडिया २०२५ मध्ये ओपनएआयमध्ये १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवू म्हणाली आणि ओपनएआय त्याच एनव्हिडियाच्या चिप घेऊ म्हणाली. या हाताचे त्या हातावर ठेवायचे आणि दोन्हीकडे उलाढाल वाढली म्हणून टाळ्या घ्यायच्या! आपल्याकडे एखाद्या पतसंस्थेने असे केले तर सहकार खाते दुसऱ्या दिवशी कुलूप लावेल.

फुगा फुटला तरी मालमत्ता उरते, असा दिलासा दिला जातो. डॉटकॉमच्या वेळी ते खरे होते. मार्च २००० मधील शिखरापासून नॅसडॅक अडीच वर्षांत ७८ टक्के घसरला, कंपन्या बुडाल्या. पण समुद्रतळाच्या केबल शाबूत राहिल्या. टाटांच्या व्हीएसएनएलने २००४ मध्ये टायको कंपनीचे जागतिक केबलजाळे अवघ्या १३ कोटी डॉलरला घेतले. ते उभारायला त्याच्या कित्येक पट खर्च झाला होता. दुसऱ्याच्या तोट्यातून भारताने तेव्हा पायाभूत सुविधा कमावली. चिपचे तसे नाही. क्लाऊड कंपन्या स्वतःच्या हिशेबात सर्व्हरचे आयुष्य पाच-सहा वर्षे धरतात. २०४७ उजाडेपर्यंत यंत्रांच्या तीन-चार पिढ्या भंगारात गेलेल्या असतील. करमाफी मात्र पहिली पिढी येण्याआधीच देऊन झाली.

महाराष्ट्राला तरी हे नव्याने सांगायला नको. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करारही २० वर्षांचा होता. तेव्हाही परदेशी गुंतवणूक, प्रगती, जगाचा विश्वास हेच शब्द होते. तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारलाही त्याच्या प्रतिहमीवर मोहोर उठवण्याची घाई झाली होती. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, वर्षअखेरीस एन्रॉन स्वतः दिवाळखोरीत गेली आणि गुहागर तालुक्यातले ते धूड शेवटी सरकारी कंपन्यांच्या गळ्यात आले. डेटा सेंटरची वीज सरकारला विकत घ्यायची नाही, उलट द्यायची आहे, एवढाच फरक. त्यासाठी उपकेंद्रे आणि वाहिन्या लागणार. ग्राहक कंपनी मध्येच निघून गेली तर त्यांचा खर्च वीजबिलातून कोणाकडून वसूल होणार, हे उघड आहे.

देशातील डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या मुंबई परिसरात आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जेथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते, त्या ऐरोली, रबाळे, महापेत आता खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहत आहेत. आयर्लंडने करसवलती देऊन अशीच गर्दी जमवली. २०२३ मध्ये त्या देशातील मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरनी वापरली आणि डब्लिन परिसरात नव्या जोडण्या काही वर्षे जवळपास थांबवाव्या लागल्या. नवी मुंबईची वीज आणि पाणी यांवर २०४७ पर्यंत किती भार येणार, याचे उत्तर अर्थसंकल्पी भाषणात नव्हते.

या औदार्याला इतिहास आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीकर २२ टक्क्यांवर आणला गेला, वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडून. गुंतवणूक वाढेल, रोजगार वाढेल, हा युक्तिवाद तेव्हाही होता. २०२३-२४च्या पाहणी अहवालाने त्याचे प्रगतिपुस्तक दिले: तीन वर्षांत कंपन्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, नोकरभरती आणि पगारवाढ मात्र त्या गतीने झाली नाही. तो अहवालही नागेश्वरन यांचाच. तोही कोणी वाचला नाही. आज देशात कंपन्यांच्या करापेक्षा व्यक्तींच्या प्राप्तिकरातून जास्त पैसा येतो. त्या पगारदारांच्या करटप्प्यांत या अर्थसंकल्पात एका रुपयाचा बदल नाही. परदेशी जाहिरात कंपन्यांवरचा सहा टक्क्यांचा ‘गूगल कर’ मात्र एप्रिल २०२५ पासून इतिहासजमा झाला. या अर्थसंकल्पाच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी भारताशी व्यापार कराराची घोषणा केली आणि पाठोपाठच्या संयुक्त निवेदनात डेटा सेंटरला लागणाऱ्या चिपच्या व्यापाराचाही उल्लेख आला. हा योगायोग असेल, तर फारच सोयीचा आहे.

फेब्रुवारी २०२६ मध्येच दिल्लीत एआय परिषदेचा मांडव. तेथे भाषणे आणि आकड्यांची फेक. खरे काम त्यानंतर संसदेत वित्त विधेयकावर व्हायला हवे. सवलत दर पाच वर्षांनी तपासली जावी, भारतीय विद्यापीठांना आणि नवउद्योगांना या यंत्रांवरचा ठरावीक वाटा मिळावा, विजेची आणि पाण्याची तरतूद कंपन्यांनी स्वखर्चाने करावी आणि मध्येच गाशा गुंडाळणाऱ्याकडून वाहिन्यांचा खर्च वसूल व्हावा. यातली एकही अट अवाजवी नाही. महाराष्ट्रातून ४८ खासदार लोकसभेत बसतात. त्यांतल्या एकाने तरी उभे राहून अर्थमंत्र्यांना एवढेच विचारावे: २०३१ साली ही यंत्रे थंड पडली, तर ऐरोलीच्या वीजवाहिन्यांचे पैसे कोण भरणार?