टॅक्सी आता उभी करा!

दरवर्षी २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, देशभरातील माध्यमे १७२९ क्रमांकाची टॅक्सी पुन्हा रस्त्यावर आणतात. रामानुजन यांचा ‘चमत्कार’ सांगून झाला की गणित वर्षभर बासनात! त्या उत्तरामागे घनांच्या समीकरणांचा दीर्घ अभ्यास होता, हे क्वचितच छापले जाते.

संख्येचे खरे नाट्य पाहायचे असेल तर १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या घ्यावी. म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. मर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ संख्या मानली. १८७६ मध्ये ल्युका यांनी ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले, पण अवयव एकही हाती आला नाही. १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी ते दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. संख्या संयुक्त आहे हे कळणे वेगळे आणि तिचे अवयव सापडणे वेगळे.

कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये पहिला प्रश्न बहुपदी वेळेत निश्चितपणे सोडवणारी रीत शोधली. दुसरा प्रश्न तिने सुटत नाही. म्हणूनच त्या रीतीने आरएसए कूटलेखन मोडीत निघेल ही समजूत निराधार ठरते.

कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. गणित हे दैवी वरदान आहे असे ऐकत वाढणाऱ्या विद्यार्थ्याला ही हकीकत सांगायची नाही, तर गणित दिन साजरा तरी कशासाठी करायचा?