दुःखाची सामायिक वही

इ. स. १९०५ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा व पौष्टिक आहार हाच उपचार होता आणि त्यासाठी आरोग्यधामात राहणे गरिबांना परवडत नसे. प्रॅट यांनी अशा रुग्णांना घरीच पथ्य पाळण्यास शिकवले आणि आठवड्यातून एकदा एकत्र बोलावले. प्रत्येकाजवळ एक वही असे. ताप, आहार, विश्रांती यांची रोजची नोंद तीत करावयाची आणि बैठकीत दाखवावयाची. मूळ हेतू शिस्तीचा होता. परंतु घडले ते निराळेच. एकाचे वजन वाढले की दुसऱ्याला उभारी येई. भिन्न वंशांची व धर्मांची माणसे समान आजाराच्या धाग्याने जोडली गेली. समूहोपचाराचा, म्हणजेच ग्रुप थेरपीचा, आरंभ सामान्यतः या वर्गापासून मानला जातो.

पुढे मानसोपचारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात समूहाने गुण का येतो, याची कारणे मांडली. त्यांतील एक अगदी साधे आहे: हे दुःख माझ्या एकट्याचेच नाही, ही जाणीव.

व्यापारी कुटुंबांत ही जाणीव होण्याची संधीच दुर्मीळ असते. दुकानावर दिवसभर शंभर माणसांशी बोलणारा गृहस्थ पत्नीच्या निधनानंतर किंवा भावाशी वाटणी झाल्यानंतर मनातील एक शब्दही कोणाजवळ काढीत नाही. बालपणीचे मित्र पांगलेले असतात. उरलेल्यांपैकी कोणी देणेकरी, कोणी घेणेकरी, कोणी व्याही. मन उघडे केले तर बाजारातील पत जाईल, मुलांच्या सोयरिकीत अडचण येईल, ही भीती असते. ही भीती अगदीच निराधार नसते, म्हणूनच ती तोंड बंद करते. घरातील स्त्रियांची कोंडी याहून अधिक. त्यांना तर दुकानाचा उंबरठाही नसतो.

समूहोपचाराची रचना या भीतीला उत्तर देते. साधारणतः सहा ते दहा व्यक्ती व एक किंवा दोन प्रशिक्षित उपचारक आठवड्यातून एकदा तास-दीड तास बसतात. प्रवेशापूर्वी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे होते. बैठकीतील गोष्ट बाहेर न्यावयाची नाही, हा पहिला नियम. सदस्य शक्यतो परस्परांना अपरिचित असावेत. त्यामुळे आपल्याच पेठेतील समूह टाळून दुसऱ्या भागातील समूह निवडणे शहाणपणाचे.

अनेक समूहांत उपचार चालू असेतो सदस्यांनी बाहेर भेटू नये, असा संकेत असतो. मग मैत्रीचा लाभ कसा? समूह मित्र पुरवीत नाही. मैत्री करण्याचा सराव देतो. मध्येच न तोडता ऐकणे, सल्ला न देता सोबत बसणे, रुसवा मनात न ठेवता बोलून दाखवणे, मदत मागताना न संकोचणे, या गोष्टी तेथे शिकलेला माणूस त्या घरी आणतो. वर्षानुवर्षे केवळ भाव-भांडवलावर बोलणाऱ्या जुन्या सोबत्याला तो एखाद्या संध्याकाळी विचारतो, “तुझे कसे चालले आहे?” आणि उत्तरासाठी थांबतो.

हा उपचार सर्वांना, सर्व वेळी लागू पडतो असे नाही. दुःख तीव्र असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी वैयक्तिक उपचार हवा. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. समूहोपचाराची चौकशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात करता येते.

पेढीवरची बाकी दिवाळीला पुढच्या वहीत ओढता येते. मनाची बाकी तशीच ओढत राहिली, तर तिच्यावर व्याज चढत जाते.