विश्लेषण : तान्ह्या बाळाच्या ‘घरघरी’वर खोकल्याचे औषध का नको?

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ मध्ये विषारी डायइथिलीन ग्लायकॉल असलेले खोकल्याचे औषध घेतल्याने लहान मुलांचे मृत्यू झाले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना केली. मग छाती भरलेल्या बाळावर उपचार काय?

हा आजार कोणता?

या वयात सर्दीनंतर छातीत घरघर सुरू होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे ब्रॉन्किओलायटिस. त्यात फुप्फुसातील बारीक श्वासनलिका सुजतात आणि चिकट स्रावाने तुंबतात. नलिकेची रुंदी निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा सुमारे १६ पट वाढतो. म्हणूनच मोठ्यांना साधी सर्दी देणारा ‘आरएसव्ही’ हा विषाणू बाळाला धाप लावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, ‘आरएसव्ही’मुळे दरवर्षी ५ वर्षांखालील सुमारे १ लाख मुले दगावतात. त्यांतील निम्मी ६ महिन्यांपेक्षा लहान असतात.

औषधे का चालत नाहीत?

प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधांचा आणि स्टेरॉइडचाही या आजारात नेहमीच्या वापराने फायदा दिसलेला नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच ती न देण्याची शिफारस केली. घरगुती धुरीने श्वासनलिकांचा दाह वाढतो, तर वाफाऱ्याने भाजण्याचा धोका असतो.

मग उपचार काय?

सलाइनच्या थेंबांनी नाक मोकळे करणे, थोडे थोडे पण वारंवार दूध पाजणे आणि गरज पडल्यास रुग्णालयात ऑक्सिजन देणे. त्रास साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतो, मग ओसरतो. खोकला मात्र २-३ आठवडे रेंगाळू शकतो.

रुग्णालयात कधी न्यावे?

बाळ शांत असताना पूर्ण १ मिनिट श्वास मोजावेत. २ महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, तर २ ते १२ महिन्यांच्या बाळात ५० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण आहे. पोट उडणे, बरगड्यांखाली खळगा पडणे, दूध निम्म्यावर येणे, ओठ निळसर होणे किंवा श्वास मध्येच थांबणे यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये.

प्रतिबंध शक्य आहे?

होय. गर्भवतींसाठी लस आणि बाळासाठी निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंडाचे इंजेक्शन असे दोन पर्याय आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दोन्हींची शिफारस केली. साबणाने हात धुणे, सर्दी झालेल्यांनी बाळापासून दूर राहणे आणि घरात धूर टाळणे हे उपाय मात्र कोणत्याही घरात आजपासून करता येतात.