बाळीवेशीच्या गावात बाली

बाळीवेशीच्या या सोलापुरात निघालेल्या बाली-सजावटीच्या दुकानात शिरताच नजर गेली ती बुद्धाच्या मुंडक्यांकडे. रांगेने मांडलेली, लहान-मोठी, साच्यातून ओतून वर दगडाचा रंग दिलेली. एक तर कारंज्याच्या मधोमध, डोक्यावरून पाणी सोडलेलं. ‘‘मॅडम, बालिनीज स्टाइल आहे. एंट्रन्सला छान दिसतं,’’ काउंटरवरची मुलगी म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही. पढवलं तेच ती बोलली. माझा राग दुकान काढणाऱ्यांवर आहे, आणि त्याहून जास्त रविवारी तिथे गाड्या लावायला जागा शोधत फिरणाऱ्या माझ्या सोलापूरकरांवर.

बाली हे बहुसंख्य हिंदूंचं बेट. धडावेगळा बुद्ध तिथल्या घरांत कुणी पुजत नाही. बुद्धाचं डोकं धडावेगळं कसं होतं ते बघायचं तर शेजारच्या जावा बेटावर बोरोबुदूरला बघावं. तिथल्या ५०४ बुद्धमूर्तींपैकी तीनशेहून अधिक भंगलेल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींना डोकंच नाही. कितीतरी डोकी चोरांनी आणि हौशी संग्राहकांनी पळवली. त्या लुटीची नक्कल आपण दिवाणखान्याची शोभा म्हणून घरी आणतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून या शहरातल्या किती घरांत रोज बुद्धवंदना होते! त्या घरातलं माणूस या दारातून आत आलं आणि त्याने हे कारंजं पाहिलं तर? हा प्रश्न मालकाला पडला नाही, गिऱ्हाइकालाही पडत नाही. दोघांचीही मला लाज वाटते.

पुढे सोफ्याच्या उशा. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या. हे पोलेंग. बालीत ते वडाच्या बुंध्याला, देवळाच्या दाराशी उभ्या रक्षकमूर्तींना गुंडाळतात. उजेड आणि अंधार दोन्ही मिळून जग चालतं, ही त्यामागची श्रद्धा. इथे ते पाठीखाली घ्यायचं. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळलेलं सूत उद्या परदेशात कुणी पायपुसण्याला शिवलं, तर आपण गप्प बसू का?

मी बालीच्या विरोधात नाही. मी मागाच्या घरातली आहे. आमचे पूर्वज तेलंगणातून पोटासाठी सोलापुरात आले. साखर पेठेत घरातच माग, आणि अम्मा चूल सांभाळून कांड्या भरायची. म्हणून बालीच्या पूर्वेकडचं तेंगानान हे गाव मला माझं वाटतं. तिथे गेरिंगसिंग विणतात. ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधीच गाठी बांधून रंगवायचे आणि मागावर नक्षी धाग्याला धागा जुळवून उभी करायची. पाटणच्या पटोळ्याची रीत हीच, आणि आमच्या तेलंगणातल्या पोचमपल्लीचं इकतही याच कुळातलं. एक कापड पुरं व्हायला वर्षं जातात. ते टिकलं, कारण त्या गावाला स्वतःच्या विधींसाठी, स्वतःच्या अंगावर ते लागतं. प्रवासी आले ते खूप नंतर. दुकानात मी विचारलं, ‘‘हातमागावरचं काही आहे?’’ मुलीने छापील टेबलक्लॉथ पुढे केला.

भिंतीवर बांबूचं सूप टांगलेलं होतं. धान्य पाखडायचं, आपल्या स्वयंपाकघरातलं सूप! किंमत अठराशे. आमच्या बाजारात बुरूड बाई दीडशे सांगते आणि आपण शंभराला मागतो. तिच्या बोटांत कुसळं रुतलेली दिसतात, तरी मागतो. इथे मात्र ‘फिक्स्ड प्राइस’ची पाटी वाचून मुकाट पैसे मोजतो. घासाघीस करायची ती फक्त कारागीर समोर बसलेला असताना, हा आपला नियम आहे आणि तो नीच आहे.

या शहरात भिंतीवर लावायला काय होतं, ते आठवा. सोलापूरचं वॉल हँगिंग! वडील विणायचे. ताण्यामागे कागदावरचं चित्र, आणि रंगीत सुताच्या लहान कांड्या बोटांनी ओवत विठोबाचा चेहरा वर चढत यायचा. डोळ्यांची जागा आली की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आज किती डॉक्टरांच्या दवाखान्यांत, किती हॉटेलांच्या दर्शनी भिंतीवर ते आहे? मंगल कार्यालयांत तरी? गेल्या वर्षभरात मी गेले त्या एकाही जागी मला दिसलं नाही. साच्यातली मुंडकी मात्र तीन ठिकाणी मोजली.

सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना २००५-०६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी पानिपतहून आलेली स्वस्त चादर सोलापुरी म्हणून राजरोस खपते आणि आपण लेबलही उलटून बघत नाही. जून २०२५मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता मिरवली, तेव्हा इथे केवढा संताप झाला! रास्तच होता. कोल्हापुरीच्या मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे. पण तो राग फोनवर व्यक्त करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या आठवड्यात चांभाराकडून एक जोड घेतला? मिलानमध्ये कारागिराचं नाव पुसलं तर तो अपमान, आणि आपल्या गावात बालीच्या कारागिराचं नाव पुसून माल विकला तर ते इंटिरियर. हे दुटप्पी वागणं मी मान्य करणार नाही.

मी काही न घेता बाहेर पडले आणि थेट वडिलांच्या जुन्या सोबत्याकडे गेले. हातमागावर अजून बसणारे आता हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यांतले ते एक. विठोबा हवा म्हटलं. त्यांनी मापं विचारली, दोन महिने लागतील म्हणाले, किंमत सांगितली. मी एक रुपया कमी करायला सांगितला नाही. मग त्यांनी वही काढली.

‘‘पत्ता सांग बाई. पुणं का मुंबई?’’

‘‘इथंच, काका. सोलापूर.’’

त्यांनी पेन थांबवलं. ‘‘कुणाला भेट द्यायचंय?’’

‘‘नाही. माझ्याच भिंतीला.’’