हातचा हुन्नर : काच आणि फोटो यांच्यामधली जागा



गेल्या पावसाळ्यात मामूजान गोसीखुर्दहून आमच्याकडे आले, ते टॉवेलात गुंडाळलेली एक तसबीर छातीशी धरूनच. आत त्यांच्या जुन्या घराचा फोटो होता. मातीच्या भिंती, कवेलूंचं छप्पर, अंगणात कडुनिंब. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. पुढे ३३ दरवाजांच्या त्या धरणामागे पाणी साठलं आणि घर, अंगण, कडुनिंब सगळं खाली गेलं. मामू पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायला गेले. जुन्या घराचा हा एवढा एकच फोटो उरला. निगेटिव्हही नाही.

"बेटी, घर पाण्यानं नेलं. आता हा फोटोही जातो की काय, बघ," मामू म्हणाले.

फोटोचा एक कोपरा काचेला चिकटला होता. ज्यानं तसबीर मढवली, त्यानं फोटो थेट काचेला लावून मागून पुठ्ठा ठोकला होता. जुन्या फोटोवर जिलेटिनचा पातळ थर असतो. पावसाळी दमटपणात तो मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढून काढायला गेलं तर चित्र काचेवर राहतं आणि कोरा कागद हातात येतो. म्हणून असा फोटो कधीही ओढू नका, पाणीही लावू नका. आम्ही काचेसकटच त्याचा स्कॅन करून घेतला, नवी प्रत काढली आणि मूळ फोटो काचेसह कपाटात आडवा ठेवला. नवी प्रत मात्र माउंट लावूनच मढवायची, असं ठरवलं.

माउंट म्हणजे फोटोभोवती दिसणारी जाड पुठ्ठ्याची चौकट. ती शोभेची वाटते, पण तिचं खरं काम काच आणि फोटो यांच्यात जागा ठेवण्याचं. ही जागा साधारण दीड मिलिमीटरचीच, पण तेवढ्यानं फोटो वाचतो. चित्राभोवती रुंद हाशिया सोडण्याची रीत आपल्याला नवी नाही. मुघल काळातल्या मुरक्क्यांत, म्हणजे चित्रं आणि खुशखत जपून ठेवायच्या संग्रहांत, प्रत्येक पानाला नक्षीदार हाशिया असे.

माउंटच्या खिडकीची आतली कड ४५ अंशांत तिरपी कापतात. सरळ कापलेल्या कडेची सावली फोटोवर पडते. तिरपी कड उजेड घेते आणि फोटोभोवती बारीक पांढरी रेघ दिसते. हे काम घरी जमतं, फक्त घाई करायची नाही.

माप. आमची प्रत १० × ८ इंचांची, आडवी. खिडकी प्रत्येक बाजूनं एक अष्टमांश इंच लहान धरली, म्हणजे पावणेदहा × पावणेआठ, नाहीतर फोटो खिडकीतून निसटतो. तीन बाजूंना अडीच इंच आणि खाली तीन इंच कड सोडली. बोर्ड झाला पावणेपंधरा × सव्वातेरा इंचांचा. खालची कड थोडी जास्त ठेवली, तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटत नाही.

कापणं. बोर्ड पालथा घाला, खाली जुना पुठ्ठा ठेवा आणि गुण्या लावून पाठीवर पेन्सिलनं खिडकी आखा. स्टीलची पट्टी नेहमी राहणाऱ्या भागावर दाबून धरा, कापून निघणाऱ्या भागावर नको. पात्याचं टोक बाहेरच्या कडेकडे आणि मूठ खिडकीच्या मध्याकडे झुकलेली हवी. उलट झालं तर तिरपी कड मागे जाते आणि समोरून दिसतच नाही. पातं ४५ अंशांत बसवलेला माउंट कटर मिळाला तर काम सोपं होतं. पातं नवं लावा. बोथट पातं बोर्ड कापत नाही, फाडतं. एका बाजूचा काप एकाच ओढीत पूर्ण करा.

कोपरे. इथेच सगळ्यांचं चुकतं. काप तिरपा असल्यामुळे समोरची खिडकी पाठीवरच्या रेघेपेक्षा थोडी मोठी होते. म्हणून काप रेघेच्या किंचित आधी सुरू करा आणि बोर्डाच्या जाडीइतका पुढे नेऊन थांबवा. कोपरा अडकला तर ओढू नका, त्याच तिरक्या वाटेनं ब्लेड सरकवून सोडवा. काप जास्त झाला तर चमच्याच्या पाठीनं हलकेच घासून दाबा. माझे पहिले चार कोपरे रद्दीत गेले, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा.

बोर्ड. आम्लरहित बोर्ड मागा. स्वस्त बोर्डाची तिरपी कड काही वर्षांनी पिवळी पडते आणि तिला लागून फोटोवर तपकिरी रेघ उमटते. घरातल्या जुन्या तसबिरी आजच तपासा. कड पिवळी दिसली तर माउंट बदलायची वेळ झाली.

बसवणं. फोटोला गोंद किंवा सेलोटेप लावू नका. पांढऱ्या चांगल्या कागदाचे चार त्रिकोणी खिसे करा, ते मागच्या बोर्डाला चिकटवा आणि फोटोचे कोपरे त्यांत सरकवा. तसबिरीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीची ओल थेट लागत नाही. ओल धरणाऱ्या भिंतीवर मात्र तसबीर टांगूच नका.

आयत किंवा तुगरा मढवायचा असेल तर खिडकी मजकुरापेक्षा ऐसपैस ठेवा. एखादा नुक्ता किंवा जेर-जबर कडेखाली गेला तर अर्थच बदलू शकतो.

मामूंनी नवी तसबीर बराच वेळ उजेडात धरून पाहिली. मग कडुनिंबावर बोट ठेवलं, काचेवरून. "याच्याखाली खाट टाकायचो आम्ही," म्हणाले. मी काच पुसली नाही, त्यांच्या बोटाचा ठसा तसाच राहू दिला.

तुमच्या घरात असा एकच उरलेला फोटो असेल, तर या पावसाळ्याआधी त्याची तसबीर उतरवून बघा. तो काचेला टेकला असेल, पण अजून चिकटला नसेल, तर अजून वेळ गेलेली नाही.