कॅमेरा गेटबाहेर

‘ताई, स्पोर्ट्स रिपोर्टर झालं की मॅच फुकटात बघता येते ना?’ मास कॉमच्या ज्युनिअर्सचा हमखास प्रश्न!

मग मी ६ फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट सांगते. जामठ्याला भारत-इंग्लंड वन-डे. खेळ शूट करायचे हक्क ब्रॉडकास्टरचे. आम्हा न्यूजवाल्यांच्या वाट्याला नेट्स, प्रेस कॉन्फरन्स आणि गर्दी. दिवसभर गेटबाहेर गालांवर तिरंगा रंगवणारी पोरं शूट केली. भारत जिंकला, ते मोबाइलवर कळलं. त्या रात्री वाटलं, बस्स, आता मुंबई गाठायची.

मग आला २८ जुलै. जॉर्जियातल्या बटुमीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. लोकांच्या लक्षात काय राहिलं? शेवटची चाल नाही, तर आईला बिलगून रडणारी एकोणीस वर्षांची दिव्या. डाव संपल्यावरही कुणीतरी कॅमेरा सुरू ठेवला होता, म्हणून!

माझा मुंबईचा अर्ज अजून ड्राफ्टमध्येच आहे. फ्रीलान्सरला पैसे स्टोरीचे मिळतात, ताटकळण्याचे नाही, हे खरंच. पण दोस्तांनो, जामठा असो की डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन, एक बॅटरी जास्तीची ठेवा. सगळे निघाले की आपलं काम सुरू होतं.