रँडम म्हणजे रामभरोसे नव्हे!

परवा शहाद्याला आत्याकडे गेलो होतो. ती रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत आली. "सर्व्हर डाऊन आहे म्हणे. हा सर्व्हर असतो कुठं रे?" मी 'नेटवर्क असेल' असं काहीतरी पुटपुटलो आणि मनातल्या मनात लाजलो.

कारण त्याच आठवड्यात मी एक बग सोडवला होता. त्याचा रेशनशी काहीही संबंध नाही, पण जातकुळी तीच. आमची फाइल सिस्टिम प्रत्येक फाइलच्या तीन प्रती तीन सर्व्हरवर ठेवते. वाचणाऱ्या मशीनने त्यातला कुठलाही एक रँडम निवडायचा. तरी सकाळी नऊ वाजले की एक सर्व्हर आडवा व्हायचा आणि बाकीचे दोघे माश्या मारत बसायचे. वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं: "रँडम आहे, कधीतरी असं होणारच." महिन्याचा रिपोर्ट काढला तर तिघांवर सारखा भार. झालं, तक्रार बंद!

कोड उघडला तर काय, रँडमचं बीज म्हणून घड्याळातले सेकंद! सगळ्या मशीनची घड्याळं जुळवलेली, काम सगळीकडे नऊच्या ठोक्याला सुरू होणार. बीज एकच, म्हणून आकडा एकच, म्हणून सर्व्हरही एकच. रोज बळी वेगळा, म्हणून महिन्याची सरासरी सोज्वळ. चाचणीत मशीन एकामागून एक चालवली होती, तिथे हे दिसणार कसं?

हे नवीनही नाही. २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएलच्या कोडमधून मोजकाच भाग काढला गेला, आणि २००८ पर्यंत बनलेल्या किल्ल्यांच्या रँडमपणाला जवळजवळ फक्त प्रोसेस क्रमांकाचा आधार उरला. म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. दोन वर्षं सगळे निवांत!

माझी दुरुस्ती चार ओळींची. बीज ऑपरेटिंग सिस्टिमच्या यूरँडममधून घेतलं आणि दोन सर्व्हर रँडम निवडून त्यातला कमी भार असलेला घ्यायचा असं ठरवलं. ही दोन पर्यायांची युक्ती मिट्झेनमाखरच्या १९९६ च्या प्रबंधात सविस्तर आहे. अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते 'असं होणारच' हे वाक्य नाकारणं.

२९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीत दिला गेला. तो क्रमांकही रँडमच असतो, पण मुद्दाम: त्यावरून माणसाची जात, गाव काही कळू नये म्हणून. रँडम असा जबाबदारीने वापरायचा असतो, सबब म्हणून नाही.

मंडळी, सर्व्हर डाऊन होणं म्हणजे अवकाळी पाऊस नव्हे. तो कुणाच्या तरी कोडमुळे, कुणाच्या तरी आळसामुळे पडतो. कधी माझ्याही. आणि सरासरी कितीही सुंदर असली तरी धडगावहून पायपीट करून आलेला माणूस सरासरीच्या दिवशी येत नाही, त्याच्या दिवशी येतो.

असो. आत्याला पुन्हा जायचंय. यावेळी तिला खरं उत्तर देईन म्हणतो.